डाव्या मडगार्डावरचं तांबं

रंगनाथचा फोन एकदाच वाजायचा. सकाळी सव्वासहाला, उजाडता उजाडता. एक रिंग झाली की समजायचं, तो जिना उतरला. आता मी चपला घालून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभं राहायचं. फोन उचलायचा नाही, हा त्याचा नियम. चुकून उचलला तर 'बोलायला काय हाय, चालायचंय ना' म्हणून दिवसभर टोचायचा. गेले तीन महिने डॉक्टरांनी त्याला जिना बंद केला होता. पाय सुजलेले, हृदय थकलेलं. तरी रिंग द्यायचा. म्हणजे, मी आहे, तू फिरून ये. त्या दिवशी कोजागरी होऊन पाच दिवस झाले होते. मी दूध तापत ठेवलं होतं. फोन वाजला आणि वाजतच राहिला. मी सवयीनं नुसता त्याच्याकडे बघत बसलो... चौथ्या-पाचव्या रिंगला कुठं लक्षात आलं की आज हा थांबत नाही. उचलला. त्याचा मुलगा सुनील होता. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मागं दूध उतू गेलं.

ऐंशीला टेकलेल्या माणसाला कुणी गेल्याचं कळलं की मनात पहिला प्रश्न येतो तो, किती वाजता नेणार आणि जिने किती आहेत. मलाही तोच आला. रंगनाथच्या घराचे जिने मला पाठ होते, एकोणीस पायऱ्या, तरी आला. रडू मात्र आलं नाही. ते अजूनही नीट आलेलं नाही. थकवा आला, तो तेव्हापासून आहे. सुनीलनं लिहायला सांगितलं म्हणून बसलो, नाहीतर गणिताच्या मास्तरानं फळ्याबाहेर फार लिहू नये असंच माझं मत.

आम्ही दोघं जुन्या गाड्या बघत फिरायचो. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. पक्षी बघणारे असतात, देवळं बघणारे असतात, आम्ही औरंगाबादेत पुंडलिकनगर ते गारखेडा, मग मागून फिरून मोंढ्यापर्यंत, जुने ट्रक आणि जुन्या मोटारी बघायचो. वर्षभर नाही. आमचा हंगाम दसरा ते दिवाळी. पाऊस उघडलेला असतो, आभाळ धुतल्यासारखं, सकाळी जरा गार आणि दहानंतर ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जाणारं. पण हंगामाचं खरं कारण हवा नव्हे. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते. धावणाऱ्या गाडीची होते तशीच न धावणाऱ्या गाडीचीही होते. वर्षभर ताडपत्रीखाली, गोठ्यात, बोळात, बंगल्यामागं पडून राहिलेलं धूड त्या एका दिवशी उघडं पडतं. कुणीतरी दोन बादल्या पाणी मारतं, हळदकुंकू लावतं, झेंडूची माळ घालतं. मग ताडपत्री परत घालायचा कंटाळा येतो आणि दिवाळीपर्यंत ते तसंच उभं असतं, माळ वाळत. एरवी न दिसणारी गाडी बघायची तर हेच तीन आठवडे. हे रंगनाथचं संशोधन. त्यानं त्याचा कायदाही केला होता. माळ दिसली तर गाडी जिती. नाही दिसली तर मेली. ती पुढच्या वर्षी भंगारात जाणार. इंजिन आहे का, चाकं आहेत का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "घरचं कुनी तिला हात लावतंय का, येवढंच बघायचं," म्हणायचा.

आमच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरांची फियाट होती. डॉक्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली, गाडीचं इंजिनही कधीच कुणी काढून नेलं, पण डॉक्टरीणबाई दर दसऱ्याला ती पुसून घ्यायच्या, माळ घालायच्या आणि मागच्या सीटवर जाऊन दहा मिनिटं बसायच्या. पुढच्या नाही, मागच्या. डॉक्टरांच्या काळी त्या मागं बसत असाव्यात. आम्ही फाटकाबाहेर थांबायचो. रंगनाथ नमस्कार करायचा, त्या काचेतून मान हलवायच्या. एका वर्षी फाटकात फियाटच्या जागी नुसती स्कूटर उभी होती. रंगनाथ त्या दिवशी पुढं चालला नाही. "पंत, चल माघारी," म्हणाला. मी कारकुनांच्या घरातला म्हणून शाळेपासून त्यानं मला पंत केलं ते शेवटपर्यंत. माझ्या पोटापाण्याच्या मास्तरकीला त्यानं कधी किंमत दिली नाही.

हा सगळा छंद नव्हता. रंगनाथ एक ट्रक शोधत होता. वीस वर्षं शोधत होता.

तो ट्रक मी पाहिलेला, त्यात बसलेला. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आम्ही दोघं रांगण्याच्या पुढंमागं असू, त्यामुळे त्या दिवसांच्या आठवणी ऐकीव. पण त्यानंतर तीन-चार वर्षांनी रंगनाथच्या वडिलांनी, आबांनी, लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक कुठूनसा करमाडला, त्यांच्या गावी, आणला, ते करमाडात लई दिवस सांगत. हिरवा रंग, लांब नाक, गोल डोळे. बायाबापड्या घरांत शिरल्या, कुणाची फौज आली म्हणून. आबा खाली उतरून ओरडले की फौज नाही, मी आहे. तेव्हापासून गावानं त्या ट्रकचं नाव मिलटरी ठेवलं. 'मिलटरी आली का', 'मिलटरी सरकीला गेली', असं चालायचं. रंगनाथ हायस्कुलासाठी औरंगाबादेत आला तो मिलटरीत बसून, कापसाच्या बोंद्र्यांवर. माझ्या वर्गात आला, माझ्या बाकावर बसला. वडील तहसिलीत कारकून, घरात सायकल नाही, अशा मला त्यानं पहिल्याच आठवड्यात मिलटरीत बसवून जालना रस्त्यानं चिकलठाण्यापर्यंत नेऊन आणलं. मी उलटी केली. त्यानं ती शेवटपर्यंत लोकांना सांगितली.

मिलटरीला एक खूण होती. एकदा डावं मडगार्ड दगडाला घासून फाटलं. पत्रा मिळेना, म्हणून आबांनी घरातलं तांब्याचं घंगाळ कापलं, ठिगळ केलं आणि पाच रिबिटा मारून बसवलं, वरून हिरवा रंग. रंगनाथची आई घंगाळावरून महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. अंघोळीचं पाणी मात्र काढून द्यायची, मडक्यात, आदळून. पण दसरा आला तसा झेंडूचा हार तिनंच गुंफला आणि ठिगळावर मुद्दाम जास्त कुंकू लावलं. घरातलं भांडं होतं ना ते... तिथून पुढं दर दसऱ्याला डाव्या मडगार्डाला जास्त कुंकू, ही त्यांच्या घरची रीतच झाली.

रंगनाथ कॉलेजातून बाहेर पडला, जिल्हा कचेरीत चिकटला. त्याच सुमारास आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. आबा म्हणाले, आता तू चालव. रंगनाथ नाही म्हणाला. नुसतं नाही म्हणाला असता तर चाललं असतं. तो म्हणाला, मी कचेरीत खुर्चीवर बसतो, मला ते खटारं चालवायला लाज वाटते. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, एकदाच, आणि सांगताना बूट बांधत होता, वर बघितलं नाही. पुढच्या महिन्यात आबांनी मिलटरी कुणाला तरी देऊन टाकली. कुणाला, ते घरात सांगितलं नाही. त्या दसऱ्याला आईनं हार गुंफला तो आबांनी घेतला आणि मिलटरी जिथं उभी राहायची त्या बाभळीला बांधला. शेवटच्या आजारपणात आबा माणसं ओळखेनात, पण रंगनाथला विचारायचे, "मिलटरी कुटं आसंल रं?" आबा गेले आणि काही वर्षांनी रंगनाथ निवृत्त झाला, तेव्हा तो उत्तर शोधायला बाहेर पडला. एवढी मोठी पृथ्वी, आणि हा पुंडलिकनगरात शोधतोय. मी त्याला हे म्हणालो होतो. तो म्हणाला, "कुटून तरी सुरू कराय पायजे ना."

शोधायची त्याची पद्धत साधी होती. आबांच्या जवळचा हाली शिक्क्याचा एक पैसा त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायचा, निजामाच्या वेळचा, कडा झिजलेल्या. लांब नाकाचा ट्रक दिसला की तो डाव्या बाजूला जायचा, खाली बसायचा आणि मडगार्डाचा रंग त्या पैशानं खरवडायचा. दोन-तीन थर गेले की पत्रा दिसायचा. तांबं दिसायचं नाही. मग तो उठायचा, गुडघे झटकायचा आणि गाडीच्या बॉनेटला हात लावून पुढं निघायचा. दुसऱ्याच्या गाडीचा रंग खरवडणं हा काही सभ्य माणसाचा धंदा नव्हे, हे मी त्याला सांगायचो आणि पाळत ठेवायला उभा राहायचो.

एकदा सापडलोच. बीड बायपासला विटांच्या भट्टीपाशी एक जुनं बेडफर्ड उभं होतं, ताजी माळ, ताजं कुंकू. रंगनाथ बसला खरवडायला. मी रस्त्याकडे बघत होतो, केबिनमध्ये बघायला हवं होतं. ड्रायव्हर आत झोपला होता. खिडकीतून डोकं काढून तो शांतपणे म्हणाला, "क्या चाचा, मेरी गाडी छिलरे क्या?" मला पळावंसं वाटलं, पण पळायचं वय गेलेलं. रंगनाथ खालीच बसून राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. आबा, घंगाळ, पाच रिबिटा, सगळं. त्याच्या मोडक्या दखनीत. ड्रायव्हर खाली उतरला, आम्हाला वाटलं आता मार बसणार. त्यानं सीटखालून मोठा पेचकस काढला आणि स्वतःच्या गाडीचं मडगार्ड स्वतःच वीतभर खरवडून दाखवलं. तांबं नव्हतं. "नई है चाचा," म्हणाला, आणि त्यालाच वाईट वाटलं. मग त्यानं आम्हाला चहा पाजला. पुढं दोन-तीन वर्षं तो दिसला की लांबूनच दोन्ही हात हलवायचा, म्हणजे अजून सापडली नाही का. रंगनाथही तसेच हात हलवायचा.

रंगनाथला आणखी एक येत होतं. टायरची माती बघून तो गाडी कुठून आली ते सांगायचा. काळी चिकण माती वाळून पोपडे धरले असतील तर करमाडकडची. करडी बारीक धूळ असेल तर शेंद्र्याची, कारखान्यांच्या बाजूची. तांबूस मुरूम असेल तर दौलताबादची, घाटाखालची. ड्रायव्हरला विचारून खात्री करायचा आणि बहुतेक बरोबर निघायचा. हे माणसांच्या पायांनाही लागू होतं. एकदा मी त्याला न सांगता मुलीसाठी नव्या बाजरीची चौकशी करायला करमाडला जाऊन आलो. माझ्या चपलांकडे बघून म्हणाला, "आमच्या गावात जाऊन आलास, अन् मला इचारलं बी नाय." तेव्हा गंमत वाटली होती.

माझी बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर मी सहा महिने घराबाहेर पडलो नव्हतो. पडायचं कारण नव्हतं. रंगनाथनं सव्वासहाची रिंग सुरू केली ती तेव्हापासून. आधी आम्ही हंगामापुरते फिरायचो. मग बाराही महिने. पावसाळ्यात कुठल्या गाड्या दिसणार? पण तो म्हणायचा, आता बघून ठेवू, दसऱ्याला पक्कं करू. मीही जायचो. मला वाटायचं, मी त्याला सोबत करतो आहे. म्हाताऱ्याच्या मनात एक गोष्ट बसली आहे, आपल्याशिवाय त्याचं ऐकणार कोण. असा माझा गैरसमज... कधीकधी तर कंटाळाही यायचा. ऊन, गुडघे आणि तेच ते मडगार्ड. मनात म्हणायचो, एकदाची ती मिलटरी सापडो नाहीतर ती भंगारात गेल्याची पावती मिळो, म्हणजे सुटलो.

यंदाचा दसरा आला तेव्हा रंगनाथ खाटेवर होता. खिडकीशी उशा लावून बसवलेला. आदल्या दिवशी मी गेलो तर म्हणाला, "पंत, एक काम कर. दौलताबादला, किल्ल्याच्या मागल्या अंगाला सीताफळाची बाग हाय, चिंचेखाली जुनी गाडी उभी हाय, लांब नाकाची. उद्या बगून ये. माळ घातली का बग." कुणी सांगितलं, विचारलं, तर हात हलवला. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोयच नव्हती. त्याचा श्वास वाक्याच्या मध्येच संपत होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. हे लिहायलाच एवढी पानं खर्ची घातली. सकाळपासून गुडघे धरले होते, ऊन मी म्हणत होतं, रिक्षावाले दसऱ्याच्या गर्दीत थांबत नव्हते. ही कारणं खरी आहेत. पण खरं कारण असं की मला कंटाळा आला होता. मी चौकापर्यंत गेलो, पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. दुपारी जेवलो, आडवा झालो. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन त्याच्याकडे गेलो. पायऱ्या चढताना ठरवलं होतं, सांगू की गर्दीमुळे जमलं नाही, उद्या जातो. पण खोलीच्या दाराशी चपला काढून आत शिरलो आणि त्यानं दाराकडे ज्या नजरेनं बघितलं... मी म्हणालो, जाऊन आलो, माळ आहे. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता दिलंच आहे तर पुरतं देऊ. वीस वर्षं ज्यासाठी काढली ते जाता जाता मिळू दे बिचाऱ्याला. त्याच्यासमोर सोनं ठेवलं आणि म्हणालो, "रंग्या, खरवडून बघितलं. तांबं आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघत राहिला. मला वाटलं, रडू आवरतोय. तो म्हणाला, "रिबिटा किती?" पाच, मी म्हणालो. त्यानं माझा हात धरला. सुजलेली बोटं, पण पकड होती. "लई उन्हाचा गेलास," म्हणाला आणि आत आवाज दिला, "ऐकलं का, पंताला पानी दे. दौलताबादहून आलाय." मी पाणी प्यालो आणि घरी आलो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हेही कबूल करतो. आयुष्यात एक चांगलं काम केलं असं वाटत होतं. पुढचे दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. रिंग येत राहिली. मग ती सकाळ आली, वाजत राहणारी.

तेराव्याला सुनीलनं माझ्या हातात हाली पैसा ठेवला. बाबांच्या सदऱ्यात होता, तुम्हालाच कळेल कशाचा आहे ते, म्हणाला. घरी आणून मी तो देवापाशी ठेवला, मग टेबलावर ठेवला, मग खिशात. कुठंच त्याला स्वस्थ बसवेना, की मलाच बसवेना. दिवाळी त्यातच सरली होती. मुलगी येऊन गेली. पैसा खिशातच. शेवटी एका सकाळी सव्वासहाला, रिंग न येता, मी चपला घातल्या. मनात एवढंच होतं की जाऊन खरवडून यावं. तांबं नसणार हे मला माहीत होतं. पण बोललो होतो ते निदान एकदा करून टाकावं, उशिरा का होईना. आणि अगदी खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात होतं, निघालं तर?

बस, मग रिक्षा, मग पायी. किल्ल्याच्या मागल्या अंगाची वाट मुरमाची, आदल्या दिवशी कुणी पाणी सोडल्यानं चिखल झालेली. बाग सापडली. हंगाम संपत आला होता, झाडांवर शेवटची फळं. चिंचेखाली ट्रक होता. चाकं नव्हती, दगडांवर टेकवलेला. लांब नाक, एक डोळा फुटलेला. मागच्या फळ्यांवर फळांची रिकामी खोकी रचलेली. माळ नव्हती. वाळलेलीसुद्धा नव्हती, दोरासुद्धा नव्हता. मी डाव्या बाजूला गेलो, बसता येत नाही म्हणून वाकलो, खिशातून पैसा काढला आणि थांबलो. मडगार्डावर आधीच खरवडलेलं होतं. रुपयाएवढा गोल. आत पत्रा, त्यावर गंज चढलेला. दोन पावसाळे तरी जुना गंज.

खोक्यांमागून पन्नाशीची एक बाई आली. कोण पाहिजे, विचारलं. मी त्या गोलाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "त्ये व्हय. एक बाबा आले व्हते, दोन वर्सं झाली. पोराच्या फटफटीवर बसून. त्यायनी खरवडलं. मंग म्हनले, ही आमची नाय." मी विचारलं, मग? "मंग बसले तितंच, घटकाभर. आमच्या सासूबाईनं पानी दिलं. जाताना सासूबाईला म्हनले, बाई, दसऱ्याला हिला माळ घालीत जा. आमची कुटं आसंल तिथं तिला बी कुनी घालीत आसंल." सासूबाईंनी गेल्या वर्षी घातली होती, ती सांगत होती. यंदा सासूबाईच दसऱ्याआधी, पितरपाटात गेल्या, घरात सण धरला नाही. माळ राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याच्या तोंडाला मी महिनाभर मुलीकडे होतो. तेव्हाच गेला असणार. म्हणजे दसऱ्याच्या संध्याकाळी मी तांबं आहे म्हणालो तेव्हा, ते नाही हे त्याला स्वतःच्या हातानं माहीत होतं. आणि माळ आहे म्हणालो, ती नव्हती. त्यानं मला मिलटरी शोधायला पाठवलंच नव्हतं. परक्याच्या मोडक्या ट्रकला कुणी हात लावला का, एवढंच त्याला बघून हवं होतं. तेवढं एक माझ्यानं झालं नाही, आणि वर मी त्याला पाच रिबिटा मोजून दिल्या.

बाईनं विचारलं, "बाबा बरे हायेत ना?" तिच्या घरातलं माणूस दोन महिन्यांपूर्वी गेलेलं, चेहऱ्यावर त्याचा शीण दिसत होता. मी बरे आहेत म्हणालो. तिसरं खोटं. मग तिच्या परसातला झेंडू मागितला. तिनं विचारलं नाही कशाला, तिला कळलं असावं. सुतळीत आम्ही दोघांनी मिळून दहा-बारा फुलं ओवली. सणवार नसताना, भर सकाळी, त्या गाडीच्या नाकावर ती वीतभर माळ बांधली. डाव्या मडगार्डाला हात लावला. निघताना तिनं पिशवीत सीताफळं घातली, बाबांना द्या म्हणून.

तिथून थेट पुंडलिकनगरला आलो. एकोणीस पायऱ्या चढलो. रंगनाथच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, दार उघडलं. मी काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. चपला तांबूस चिखलानं माखलेल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत मुरूम अडकलेला. वहिनी म्हणाल्या, "आज गेलतात व्हय, भावजी."

मी उंबऱ्यावरच टेकलो. त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, ती आपली नाही हे कळल्यावर त्यानं मला का सांगितलं नाही, पुढं दोन वर्षं मडगार्डं खरवडत का फिरला. वहिनी म्हणाल्या, आता ती गावायची नाही हे त्याला दौलताबादला बसल्या बसल्याच पटलं होतं. पण पंताला सांगितलं तर फिरणं मोडेल, तो परत घरात दार लावून बसेल, म्हणून सांगायचं नाही असं घरी येऊन म्हणाला होता. मग दसऱ्याच्या संध्याकाळचं सांगितलं. मी जिना उतरून गेल्यावर त्यानं त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "पंत दौलताबादहून आला, अन् चपलेला मातीचा कण नाय." आणि हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला, ठसका लागेपर्यंत. वहिनी घाबरल्या, त्यांनी पाठ चोळली. दम लागलेला असतानाच म्हणाला, "त्याला काय बी इचारू नको. लई कष्टानं खोटं बोललाय."

वहिनींनी सीताफळं त्याच्या फोटोपुढं ठेवली, एक मला दिलं. मी ते तिथंच उंबऱ्यावर बसून खाल्लं, बिया हातात गोळा करत. तेव्हा कुठं रडू आलं, थोडंसं.

घरी आलो, चपला पुसायला फडकं ओलं केलं. मग फडकं वाळत घातलं. चपला दाराशी तशाच आहेत, दौलताबादची माती लागलेल्या.